रामशेज : शत्रूने लिहून ठेवलेली गोष्ट

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आपली नववीतली रामशेजची सहल. पेठ रस्त्यावर आशेवाडी फाट्याला एसटी थांबली, बाईंनी दोनदा डोकी मोजली आणि आपण डबे सावरत गावाच्या दिशेने चालू लागलो. किल्ला समोरच दिसत होता. खरं सांगायचं तर तो बघून थोडा हिरमोडच झाला होता. "हा एवढाच?" असं मागून कुणीतरी म्हणालंही. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी पाहिलेल्या पोरांना हा डोंगर म्हणजे टेकडीच वाटली.

तासाभरात आपण कड्यातल्या रामाच्या गुहेपाशी पोहोचलो. शेजारच्या टाक्याचं गार पाणी प्यायलो आणि बाईंनी तिथेच गोष्ट सांगितली. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि औरंगजेबाच्या सरदारांना दाद दिली नाही. आपण टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. "कोणी लिहिलं? केव्हा लिहिलं? त्याला कसं ठाऊक?" उत्तर कुणालाच आलं नाही. डब्यांची वेळ झाली होती, त्यामुळे प्रश्न तिथेच राहिले.

ते परत आले दोनेक वर्षांपूर्वी, आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. रामशेजबद्दल एक मेसेज मला कुठूनतरी आला होता. औरंगजेबाची लाखोंची फौज, मूठभर मावळे, साडेसहा वर्षांचा अखंड वेढा, असा सगळा थाट होता. अभिमानाने ऊर भरून आला आणि न वाचताच पुढे ढकलला. दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं. "छान. कोणी लिहिलं? केव्हा लिहिलं? त्याला कसं ठाऊक?"

माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं, काम सॉफ्टवेअरचं. दुसऱ्याच्या कोडमध्ये चूक दिसली की मी लगेच विचारते, हे कुठून आलं? इतिहासाच्या बाबतीत मात्र ही सवय मी गुंडाळून ठेवली होती. लाज वाटली आणि वाचायला बसले. सेतुमाधवराव पगडींसारख्या अभ्यासकांनी फारसी साधनं मराठीत आणून ठेवली आहेत, म्हणून माझ्यासारखीला ते शक्य झालं. जे हाती लागलं ते बाईंच्या तीन प्रश्नांचं उत्तर म्हणून इथे मांडते. तीस वर्षं उशीर झाला आहे, तो पोटात घालावा.

आधी प्रसंग. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला. बऱ्हाणपूरहून मार्च १६८२ मध्ये तो औरंगाबादला आला. शिवाजी महाराजांना जाऊन दोन वर्षं होत होती आणि संभाजी महाराज गादीवर होते. बादशहाने नाशिक-बागलाणकडच्या किल्ल्यांवर फौज धाडली. त्यात शहाबुद्दीनखानाकडे रामशेज आला. हा खान सामान्य सरदार नव्हता. पुढे त्याला गाजिउद्दीनखान फिरोजजंग असा किताब मिळाला, आणि हैदराबादचा पहिला निजाम तो याचाच मुलगा. अशा माणसाला आपल्या आशेवाडीच्या टेकडीने अडवलं.

आता पहिला प्रश्न. कोणी लिहिलं? लाकडी तोफांची गोष्ट आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः खाफीखानामुळे. हा मोगलांच्या नोकरीतला माणूस. त्याच्या फारसी ग्रंथाचं नाव 'मुन्तखब-उल-लुबाब'. मराठ्यांबद्दल तो प्रेमाने लिहीत नाही. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्यासाठी त्याच्या लेखणीतून शिव्याच येतात. केव्हा लिहिलं? वेढ्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, बादशहा महंमदशहाच्या काळात. त्याला कसं ठाऊक? वेढ्याच्या वेळी तो तरुण होता, आणि पुढे त्याची बरीचशी नोकरी दक्षिणेत आणि गुजरातेत झाली. त्या मोहिमेतली माणसं, त्यांची मुलं, त्यांच्या तोंडच्या गोष्टी त्याच्या कानावर येणं अगदी स्वाभाविक होतं.

म्हणजे आपली गोष्ट आपल्याला सांगितली ती हरलेल्या बाजूने. हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. आपल्या माणसाने आपली स्तुती केली तर त्यातलं चार आणे वजा करून ऐकावं लागतं. पण जो तुम्हाला शिव्या देतो, तोच नाइलाजाने तुमच्या कौशल्याचं वर्णन करत असेल, तर ते वर्णन हातात धरून चालता येतं.

खाफीखान काय सांगतो? शहाबुद्दीनखानाने सुरुंग लावले, मोर्चे बांधले, हल्ले केले. काही साधेना तेव्हा त्याने लाकडाचा एक प्रचंड दमदमा, म्हणजे बुरूज उभा केला. त्यावर पाचशे माणसं आणि पन्नास तोफा मावतील एवढा. हा आकडा वाचून माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. माणशी साठ किलो धरले तर पाचशे माणसांचे तीस टन. तोफा अगदी हलक्या, दोनशे किलोंच्या धरल्या तरी पन्नास तोफांचे दहा टन. दारूगोळा आणि तोफा उडाल्यावर बसणारा धक्का वेगळाच. म्हणजे जवळपास तीन भरलेल्या एसटी गाड्या एका लाकडी माचीवर चढवायच्या. खाफीखानाने आकडा फुगवला असेल, निम्मा करून घ्या. तरीही लागलेलं लाकूड डोळ्यांपुढे आणा. एवढे ओंडके कुणी दुरून आणत नाही. ते भोवतालच्या डोंगरांवरूनच तोडले गेले असणार.

आणि वरती? खाफीखान म्हणतो, किल्ल्यावर दारूगोळा मुबलक होता, पण लोखंडी तोफा नव्हत्या. म्हणून किल्लेदाराने लाकडाचे ओंडके पोखरून त्यांवर चामडं मढवलं, आणि त्या तोफांनी दहा तोफांचं काम केलं. हे ऐकायला दंतकथा वाटते, पण कल्पना पक्की आहे. तोफ फुटते ती दारूच्या दाबाने बाहेरच्या अंगाने चिरते म्हणून. ओलं चामडं ताणून आवळलं की वाळताना ते आकसतं आणि लाकूड घट्ट धरून ठेवतं. अशा तोफेतून लांबवर गोळा जाणार नाही आणि ती फार वेळा उडवताही येणार नाही. पण कड्यावरून खाली चढणाऱ्यांवर दगडगोट्यांचा मारा करायला ती पुरेशी आहे. असा प्रयोग जगात इतरत्रही झाला. १८७६ साली बल्गेरियातल्या लोकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनी चेरीच्या झाडांची खोडं पोखरून तोफा केल्या होत्या. लोखंड ज्याच्याकडे नाही, तो जवळच्या झाडाकडे वळतो.

म्हणजे रामशेजची लढाई एका अर्थी लाकडाची लाकडाशी होती. खाली बादशाही खजिन्यातून उभा राहिलेला दमदमा, वर चामड्यात गुंडाळलेले ओंडके.

किल्ला एकटा लढला, असं आपण सहलीत ऐकलं होतं. तेही पूर्ण खरं नाही. जेधे शकावलीच्या नोंदीत रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांनी गणेशगावाजवळ शहाबुद्दीनखानाशी झुंज दिल्याचं येतं. वरच्या माणसांना धीर होता तो बाहेर आपली फौज फिरते आहे याचा. वेढा घालणाऱ्याची पाठ कधी मोकळी नव्हती.

शहाबुद्दीनखानाला यश येईना तेव्हा बहादूरखान कोकलताश आला. या अनुभवी सरदाराने एक डाव रचला. एका बाजूला तोफा, गडबड, बाजारबुणग्यांचा गलका करायचा आणि दुसऱ्या बाजूने रात्री निवडक दोनशे माणसं कड्यावर चढवायची. किल्लेदाराला याचा सुगावा लागला. त्याने गलक्याच्या बाजूला ढोल-नगारे वाजवून आपणही फसलो असं भासवलं आणि खऱ्या वाटेवर माणसं गप्प बसवून ठेवली. पहिली डोकी कड्यावर आली आणि तिथेच फुटली. मागचे दोरासकट खाली गेले. ही हकीकतही खाफीखानाचीच. त्याच्याच ग्रंथात एका मांत्रिकाची गोष्ट आहे. त्याने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला, आणि अर्ध्या वाटेत गोफणीचा दगड छातीवर बसून कोसळला. खाफीखान हे लिहिताना हसला असेल का? मला तरी वाटतं, हसला असेल.

शेवटी बहादूरखानाने वेढा उठवला आणि जाताना लाकूडसामान जाळून टाकलं. तटावरचे लोक ढोल बडवत ती आग बघत होते. त्याच्यानंतर कासीमखानालाही पाठवलं गेलं, त्यालाही जमलं नाही.

मग किल्ला पडला कसा? काही वर्षांनी तो मोगलांकडे गेला, पण तोफांनी नव्हे. जुना किल्लेदार बदलला आणि नव्याला पैशाने फितवलं, असं सांगितलं जातं. यात रामशेजची नामुष्की मानायचं कारण नाही. सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंड्यासारखा बलाढ्य किल्ला पडला तोही आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर आतून दरवाजा उघडला म्हणून. त्या वेढ्यातही हाच फिरोजजंग होता. आदिलशाहीची राजधानी विजापूर सव्वा-दीड वर्षात शरण आली. त्या दोन राजधान्यांशेजारी आपली टेकडी ठेवून पाहा.

टेकडी म्हणते ते उगाच नाही. इथे दुसरा परका साक्षीदार येतो. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकगड घेतला आणि त्या धसक्याने आसपासचे सतरा किल्ले शरण आले, त्यात रामशेजही होता. त्या वेळी हे किल्ले पाहून टिपणं करणारा अधिकारी म्हणजे कॅप्टन जॉन ब्रिग्ज. फरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारा तो हाच. त्याची टिपणं १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहेत. रामशेजबद्दल तो लिहितो त्याचा मथितार्थ असा : किल्ला इतर किल्ल्यांइतका उंच नाही. कडे तितके ताशीव नाहीत. एके ठिकाणी चुनेगच्ची भिंतीऐवजी नुसते मोठे दगड रचलेले आहेत. दोन दरवाजे एकात एक आहेत, पण तेही फार भक्कम नाहीत. आणि एक चोरवाट आहे, तिच्यातून एका वेळी एकच माणूस उतरू शकतो.

मागच्या रांगेतून "हा एवढाच?" म्हणणारा आपला वर्गमित्र आणि कॅप्टन ब्रिग्ज यांचं मत एकच निघालं! पण मला वाटतं, रामशेजची खरी थोरवी याच टिपणात आहे. हरिहरसारख्या सरळसोट किल्ल्याने शत्रू अडवला तर श्रेय कड्याला जातं. इथे कडा साधा, भिंत सैल दगडांची आणि तोफा लाकडाच्या. श्रेय द्यायला माणसांशिवाय कुणी उरत नाही.

त्या माणसांची नावं? किल्लेदार कोण होता, यावर वेगवेगळी पुस्तकं वेगवेगळी नावं देतात. कुणी सूर्याजी जाधव म्हणतं, कुणी सूर्याजी जेधे, तर त्याच्यानंतर आलेला म्हणून रूमाजी पवारांचं नाव घेतलं जातं. वेढा किती वर्षं चालला यावरही साडेपाच, सहा, साडेसहा असे आकडे फिरतात. खरं तर १६८२ पासूनची पहिली दोनेक वर्षं मोठ्या हल्ल्यांची आणि नंतरची पहाऱ्याची, कुरबुरीची. मी पाठवलेल्या मेसेजात "अखंड" हा शब्द होता, तो मी परत घेते. आकडा मोठा केला म्हणून ती माणसं मोठी होत नाहीत. उलट एखाद्या चौकस पोराने उद्या आकडा खोटा पाडला तर सगळी गोष्टच खोटी वाटायला लागते. ज्यांचं नावही धड उरलं नाही, त्यांच्यासाठी आपण एवढं तरी करावं, की त्यांनी जे केलं तेच सांगावं.

एवढं वाचल्यावर पुन्हा जाणं भागच होतं. मागच्या हिवाळ्यात आपल्या वर्गातल्या आम्ही तिघी गाडी न काढता मुद्दाम एसटीने गेलो. पेठकडे जाणारी गाडी, तोच फाटा, शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. रस्ता मात्र रुंद झाला आहे. आशेवाडीतून वर जाणारी वाट सोपी आहे. गुहेतला राम, टाकं, कातळातल्या पायऱ्या, दरवाजा, आणि माथ्यावर पोहोचलं की एकदम उघडं पठार. ब्रिग्जची चोरवाटही शोधली. एकीने आत डोकावून पाहिलं आणि आता वयाचा विचार करायला हवा म्हणत मागे फिरली.

माथ्यावरून शेजारी देहेरगड आणि भोरगड दिसतात. भोरगडावर आज भारतीय हवाई दलाचं केंद्र आहे, त्यामुळे तिथे जाता येत नाही. ज्या डोंगराच्या शेजारी मोगलांचा दमदमा उभा होता, त्या डोंगरावर आज आकाशावर पहारा आहे. लष्करी जागा म्हणून हा मुलूख अजून निवृत्त झालेला नाही.

पण मला दाखवायची आहे ती भोरगडाच्या पायथ्याची तुंगलदऱ्याकडची हिरवाई. शाळेत असताना हे डोंगर बोडके होते. सहलीत सावलीसाठी आपण एकाच झाडाखाली कसे दाटीवाटीने बसलो होतो ते आठवा. आता तिथे साग, पळस, खैर, करवंदाच्या जाळ्या आहेत, आणि सकाळी पक्ष्यांचा कलकलाट असतो. हे आपोआप झालं नाही. वनखातं, नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था आणि पायथ्याचे गावकरी यांनी मिळून तोड आणि चराई थांबवली, झाडं जगवली, पाणी अडवलं. २००८ साली भोरगड हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. क्षेत्र साडेतीनशे हेक्टरच्या आसपास. ज्यांची गुरं तिथे चरायची, ज्यांच्या चुली त्या लाकडावर पेटायच्या, त्यांनी "आता नाही" म्हटलं म्हणून जंगल परत आलं.

माथ्यावर बसून ती हिरवाई बघताना मला दमद्याचे ओंडके आठवत होते. लढाईने एका मोसमात जेवढी झाडं खाल्ली असतील, तेवढी परत यायला किती पावसाळे लागले असतील? मधल्या तीनशे वर्षांत कुऱ्हाडी थांबल्या नव्हत्याच, त्यामुळे सगळा दोष शहाबुद्दीनखानावर ढकलता येणार नाही. पण वेढ्याची गोष्ट सांगताना आपण तोफा, तलवारी, फितुरी सगळं सांगतो आणि जंगल विसरतो. लढाईत दोन्ही बाजूंनी वापरलं गेलेलं आणि कुठल्याच बखरीत नोंद नसलेलं, असं ते एकच होतं.

उतरल्यावर फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा मी बाईंना फोन लावला. कोणी, केव्हा, कसं ठाऊक, तिन्ही उत्तरं एका दमात सांगितली. खाफीखान, पन्नास वर्षांनी, ऐकीव माहितीवरून. आणि ब्रिग्जने स्वतः पाहून. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं. नाग सोन्याचा होता, हे मात्र ऐकीवच ना?" मी म्हटलं, "हो बाई, ऐकीवच." "मग तसं लिही," त्या म्हणाल्या. लिहिलं आहे.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी आहे. आपल्यापैकी ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी वर यावं, बाकीच्यांनी आशेवाडीत चहा घेत बसावं. भोरगडच्या जंगलात जायचं असेल तर आधी वनखात्याला विचारावं लागेल, ते मी करते. गाड्या आणू नका, पेठची एसटी पकडू. बाईंनी पायथ्यापर्यंत यायचं कबूल केलं आहे. डोकी त्याच मोजणार आहेत.